मशीन नंतर, खोली आधी: ऑप्टोमेट्रिस्टने नवी उपकरणं आणि कॉम्प्युटर बसवताना पाळायचा क्रम

'येथे कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील' असा बोर्ड नसलेलं चष्म्याचं दुकान आता तालुक्याच्या बाजारपेठेत शोधावं लागतं. आत गेलं की बऱ्याच ठिकाणी एकच दृश्य असतं. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरमधून (एआर, म्हणजे डोळ्याचा नंबर आपोआप मोजणारं मशीन) चिठ्ठी निघते आणि ती जशीच्या तशी फिटरच्या टेबलावर जाते. पंधरा दिवसांनी आजोबा चष्मा खिशात घालून परत येतात. "जमीन खाली गेल्यासारखी वाटते, पायरी समजत नाही," म्हणतात. मग मशीन खराब, विकणारा लबाड, अशी चर्चा सुरू होते.

मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. चुकलेला असतो क्रम. आधी मशीन येतं, मग त्यासाठी टेबल, मग वायरिंग, मग 'रेकॉर्ड कुठे ठेवायचं' हा प्रश्न, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो काढून झाल्यावर 'हा आता दाखवायचा कुणाला' हा विचार. खाली हाच क्रम उलटा करून दिला आहे. एक-दोन खुर्च्यांचं क्लिनिक किंवा दुकान डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मोठ्या रुग्णालयाचं गणित वेगळं असतं.

टप्पा १: आधी वही, मग कोटेशन

कोणालाही फोन करण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रोज किती जण तपासले, त्यात पंधरा वर्षांखालची मुलं किती, चाळिशी ओलांडलेले किती, मधुमेह असल्याचं स्वतःहून सांगणारे किती, आणि 'चष्मा लागत नाही' म्हणून परत आलेले किती. शेवटच्या रकान्यात कारणही लिहा: नंबर चुकला, सेंटर (भिंगाचा मध्य बाहुलीसमोर येणं) चुकलं, की फ्रेमच बसली नाही.

ही वहीच सांगते की पैसा कुठे घालायचा. परत येणाऱ्या चष्म्यांमध्ये सेंटर आणि फिटिंगच्या तक्रारी जास्त असतील, तर महागडा एआर आणून त्या कमी होणार नाहीत. तिथे चांगला ऑटो लेन्समीटर (चष्म्याच्या भिंगाचा नंबर मोजणारं मशीन) आणि पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) नीट घेण्याची शिस्त लागते. मुलं जास्त येत असतील तर एआरवर भिस्त ठेवणं धोक्याचं, कारण मुलं मशीनमध्ये बघताना डोळ्यावर जोर देतात आणि मायनस नंबर फुगून येतो.

माझा स्वतःचा क्रम असा: चांगला स्ट्रीक रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकून हाताने नंबर काढायचं साधन) आणि ट्रायल सेट, म्हणजे बदलती भिंगं लावून बघायची पेटी (असेल तर उत्तम, ढिला झाला असेल तर आधी तो बदला), दूरच्या अक्षरांचा नीट मोजलेला चार्ट, ऑटो लेन्समीटर, केराटोमीटरसह (बुबुळाची गोलाई मोजणाऱ्या सोयीसह) एआर, स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक), डोळ्याचा दाब मोजणारं हवेच्या झोताचं मशीन, आणि सर्वांत शेवटी फंडस कॅमेरा (पडद्याचा फोटो काढणारा). स्लिट लॅम्प नसताना फंडस कॅमेरा घेणारे बरेच भेटतात. फोटो धूसर आला की दोष कॅमेऱ्याचा, कॉर्नियाचा (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक थराचा) की मोतीबिंदूचा, हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

टप्पा २: खोली, अंतर आणि वीज

यात पैसा कमी लागतो आणि लक्ष सर्वांत कमी दिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

अंतर टेपने मोजा. ६ मीटर मिळत नसतील तर ३ मीटरवर आरसा लावा. मग रुग्णाच्या डोळ्यापासून आरसा आणि आरशापासून चार्ट अशी बेरीज ६ मीटर धरायची, आणि अक्षरं उलटी दाखवणारा चार्ट घ्यायचा. आरसा न लावता थेट ३ मीटरवर काम करणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे काढलेला नंबर दूरसाठी सुमारे पाव डायऑप्टरने (डायऑप्टर म्हणजे नंबरचं एकक) प्लसकडे झुकतो. ट्रायल फ्रेम घातलेल्या माणसाला दाराबाहेर उभं करून समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचायला लावणं ही जुन्या लोकांची सवय उगाच नव्हती.

एलसीडी चार्ट असेल तर स्टीलची पट्टी घेऊन स्क्रीनवरचं ६/६० चं अक्षर मोजा. ६ मीटरसाठी त्याची उंची सुमारे ८७ मिलिमीटर हवी, ४ मीटरसाठी ५८, आणि ३ मीटरसाठी ४४ च्या आसपास. स्क्रीन बदलली किंवा सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं की ही सेटिंग हमखास बिघडते. मग वर्षभर सगळ्या गावाची नजर एका ओळीने सुधारलेली दिसते.

> तपासा: अक्षराची उंची आणि टेपने मोजलेलं अंतर एका कागदावर लिहून चार्टच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी खुर्ची सरकली की लगेच कळेल.

प्रकाशाकडे बघा. एआर आणि फंडस कॅमेरा दोन्हींना अंधारी जागा लागते. शटरसमोर ठेवलेल्या मशीनमध्ये दुपारी बाहुली लहान होते आणि रीडिंग येत नाही. जाड पडदा आणि मंद दिवा एवढं पुरतं.

मग वीज. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनचा सॉकेट असतो, पण अर्थची तार कुठेच गेलेली नसते. घरगुती इन्व्हर्टरवर मशीन लावू नका. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात मशीन बंद पडून पुन्हा चालू होतं, आणि असं रोज झालं की बोर्ड जातो. साइन वेव्हचा 'ऑनलाइन' प्रकारचा, म्हणजे वीज गेली तरी क्षणभरही खंड न पाडणारा यूपीएस घ्या. क्षमता ठरवताना प्रत्येक मशीनच्या मागच्या पट्टीवरचे व्हीए (विजेच्या भाराचा आकडा) बेरजेत घ्या आणि वर थोडी मोकळीक ठेवा. लेझर प्रिंटर त्या यूपीएसवर लावू नका. तो तापताना एकदम मोठा भार घेतो.

टप्पा ३: डेमो तुमच्या रुग्णांवर

विक्रेता डेमो देताना स्वतःचाच तरुण, स्वच्छ डोळा मशीनसमोर ठेवतो. तो डोळा कोणत्याही मशीनवर छान दिसतो. डेमोच्या दिवशी पाच माणसं मुद्दाम बोलावून ठेवा: मोतीबिंदू असलेल्या एक आजी, मोठ्या मायनस नंबरचा कॉलेजचा मुलगा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं कुणीतरी, लहान बाहुलीचे एक काका आणि स्वस्थ न बसणारं पोर. मशीन कुठे अडतं ते तेव्हा दिसेल.

कोटेशनमध्ये हे लेखी मागा: मोटरचं टेबल किमतीत आहे की वेगळं, वॉरंटी संपल्यावर देखभालीचा करार एएमसी की सीएमसी, म्हणजे फक्त भेटी की सुटे भाग धरून, इंजिनिअर कोणत्या शहरातून येतो, आणि मशीन दुरुस्तीला गेलं तर बदली मशीन मिळणार का. डेटा बाहेर कसा निघतो हेही विचारा. यूएसबी, लॅन की वायफाय? सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं घ्यावं लागतं का? 'सर, सगळं कनेक्ट होतं' हे उत्तर नाही. तुमचा लॅपटॉप पुढे करा आणि डेमोतच एक रीडिंग त्यात उतरवून दाखवायला सांगा.

> सावध: जुनं मशीन घेताना मॉडेल आय, म्हणजे तपासणीसाठी येणारा कृत्रिम डोळा, सोबत आहे का ते बघा. तो नसेल तर मशीन बरोबर मोजतंय की नाही हे सांगण्याचं साधनच तुमच्याकडे राहत नाही.

टप्पा ४: बसवण्याच्या दिवशी सेटिंगचं पान

इंजिनिअर मशीन लावतो, दोन बटणं दाखवतो, चहा घेतो आणि निघतो. तो जाण्याआधी त्याच्यासोबत बसून एआरच्या सेटिंगचं एक-एक पान उघडा.

पहिलं, व्हर्टेक्स अंतर, म्हणजे डोळा आणि चष्म्याचं भिंग यांच्यातलं अंतर. चष्म्यासाठी साधारण १२ मिलिमीटर धरतात; काही मशिनं १३.७५ वर येतात. कुणी तरी ते ० केलेलं असेल तर मशीन कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर देत राहील. १२ मिलिमीटरवरचा मायनस १०.०० तिथे सुमारे मायनस ९.०० छापला जाईल. लहान नंबरांत हा फरक दिसतच नाही, म्हणून चूक महिनोन् महिने लपून राहते.

दुसरं, सिलिंडरचं (एका ठराविक दिशेतल्या जादा नंबराचं) चिन्ह. मायनस, प्लस की मिश्र, तुम्ही आणि तुमचा फिटर ज्यात काम करता तेच ठेवा. तिसरं, नंबरची पायरी. ०.२५ पुरे, ०.०१ वर ठेवलेली चिठ्ठी अचूक दिसते एवढंच. चौथं, तारीख आणि वेळ. फालतू वाटतं, पण जुन्या चिठ्ठीवर चुकीचं वर्ष असेल तर ती नोंद कुचकामी ठरते.

ऑटो लेन्समीटरला चालू होताना शून्य पकडायचं असतं. त्या वेळी त्यावर लेन्स ठेवलेली नको. पॉलिकार्बोनेटच्या लेन्सा मोजताना ॲबे नंबर (भिंगाचं मटेरियल रंग किती पसरवतं याचा आकडा) बदलायचा असतो: साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८ च्या आसपास, पॉलिकार्बोनेटचा ३०. प्रोग्रेसिव्हसाठी (दूर आणि जवळ एकाच भिंगात, रेघ नसलेल्या) वेगळा मोड वापरा.

> तपासा: मॉडेल आयवर सलग पाच रीडिंग घ्या. त्यावर छापलेल्या आकड्याशी ती जुळायला हवीत. पहिल्या दिवसाची ही चिठ्ठी स्कॅन करून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून मूळ चिठ्ठीवर विसंबू नका.

टप्पा ५: पहिले शंभर डोळे दुहेरी

हा टप्पा गाळल्यामुळेच आजोबांचा चष्मा परत येतो. पहिल्या ५० रुग्णांच्या दोन्ही डोळ्यांसाठी तीन रकाने करा: रेटिनोस्कोपीवर आलेला नंबर, मशीनचा नंबर, आणि रुग्णाने ट्रायल फ्रेममध्ये पसंत केलेला शेवटचा नंबर. रेटिनोस्कोपी मशीनची चिठ्ठी बघण्याआधी करा. आकडा आधी दिसला की हात आपोआप त्याच्याकडे वळतो. माझाही वळायचा.

शंभर डोळे झाले की बसून बघा. फरक कधी इकडे, कधी तिकडे असेल तर ठीक. सतत एकाच बाजूला, समजा प्रत्येक वेळी अर्धा मायनस जास्त, असेल तर मॉडेल आय आणि व्हर्टेक्स पुन्हा तपासा. फक्त मुलांमध्ये मायनस जास्त येत असेल तर तो डोळ्यावरचा जोर आहे. मशीनमध्ये दिसणारं फुग्याचं चित्र दूर नेऊन धूसर केलं जातं तो हा जोर सैल पडावा म्हणूनच, पण मूल हुशार असतं. अशा मुलाला थेंब घालून तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, नंबर देऊन मोकळे होऊ नका. आणि सिलिंडरचा ॲक्सिस (अंशांत मोजलेली त्याची दिशा) सगळ्यांमध्ये एकाच दिशेने सरकलेला दिसला, तर टेबल पाणसळीत आहे का ते बघा, नाहीतर रुग्ण मान तिरकी ठेवतोय.

चिठ्ठीवरचा प्रत्येक आकडा सारखा विश्वासाचा नसतो. तीन रीडिंग एकमेकांपासून लांब असतील, किंवा मशीन स्वतःच विश्वासाचा गुण कमी देत असेल, तर सरासरी वापरू नका. कोरडा डोळा असेल तर दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगून पुन्हा घ्या.

> सावध: मधुमेहाच्या रुग्णाचा नंबर अचानक बदललेला दिसला तर आधी साखर विचारा. साखर वर-खाली होत असताना नंबरही हलतो; त्या आठवड्यात केलेला चष्मा पुढच्या महिन्यात लागत नाही.

साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक: जुना चष्मा लेन्समीटरवर आधी मोजा. नव्या नंबरात सिलिंडरचा ॲक्सिस एकदम २० अंश फिरला असेल, तर तो कितीही 'बरोबर' असला तरी ट्रायल फ्रेम घालून त्यांना दुकानात चालवा, पायरी उतरवून बघा. चिठ्ठीपेक्षा त्यांचा पाय खरं सांगतो.

टप्पा ६: रुग्ण कोणत्या क्रमाने फिरेल

मशिनं जास्त झाली की रुग्णाला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं जातं आणि क्रम मोडतो. ठरवून भिंतीवर लावा: तक्रार आणि आजार विचारणं, प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी, जुना चष्मा मोजणं, एआर, दाब, मग ट्रायल फ्रेमवर नंबर, स्लिट लॅम्प, आणि शेवटी फोटो.

नजर सर्वांत आधी घ्यायची, कारण आधीची नजर किती होती याची नोंद नंतर कितीही मशिनं लावली तरी मिळत नाही. फोटो शेवटी, कारण फ्लॅशनंतर काही मिनिटं अक्षरं नीट दिसत नाहीत आणि तुम्ही काढलेला नंबर वाया जातो.

दाब मोजताना प्रत्येक डोळ्याची तीन रीडिंग घेऊन सरासरी लिहा, आणि वेळ लिहा. दाब दिवसभरात बदलतो. शर्टचं वरचं बटण उघडायला सांगा. झोत येणार हे आधी सांगा, एकदा हातावर मारून दाखवा, नाहीतर आजी डोळा घट्ट मिटतात आणि दाब वाढलेला दिसतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढलेली हवी. लाल, चिपडं येणाऱ्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हे मशीन लावू नका.

१० ते २१ (मिलिमीटर पारा) हा नेहमीचा पल्ला धरतात. पण २१ च्या आत म्हणजे काचबिंदू नाही, असं कुणालाही सांगू नका. दाब साधारण असूनही काचबिंदू होतो, आणि कॉर्निया पातळ असेल तर मशीन दाब कमी दाखवतं. घरात कुणाला काचबिंदू असेल तर आकडा काहीही येवो, रुग्ण पुढे पाठवा.

टप्पा ७: नोंदी कॉम्प्युटरवर नेताना

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी तुमचं केसपेपर कागदावर नव्याने आखा. जे रकाने कागदावर धड भरले जात नाहीत ते स्क्रीनवरही रिकामेच राहतात.

रुग्णाची ओळख मोबाइल नंबरावर बांधू नका. एका घरात पाच जणांना एकच नंबर असतो. सासूबाईंच्या नावावर सुनेचा चष्मा निघालेला मी बघितला आहे. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक द्या. १४ अंकी आभा (सरकारी आरोग्य ओळखीचा) क्रमांक कुणी दिला तर जोडून ठेवा, तो ऐच्छिक आहे. आधारची प्रत मागू नका. नाव शोधताना शिंदे, शेंडे, शेंडगे यांची गल्लत रोमन स्पेलिंगमुळे होते. जन्मवर्ष आणि गाव हे दोन रकाने सक्तीचे ठेवले की निम्मा घोळ मिटतो.

नंबर टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या. हरवलेलं मायनसचं चिन्ह ही या धंद्यातली सर्वांत महागडी टायपिंगची चूक आहे. प्लस की मायनस हे निवडल्याशिवाय नोंद पुढे सरकू नये अशी सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. ॲक्सिस ० आणि १८० पैकी एकच चालू द्या, १८०. मशीनवरून थेट येणारं रीडिंग आणि तुम्ही दिलेला अंतिम नंबर यांचे रकाने वेगळे हवेत, रंगही वेगळा हवा. फिटरच्या स्लिपवर फक्त अंतिम नंबर छापला जावा.

एका दिवसात कागद बंद करू नका. महिनाभर दोन्ही चालवा, रोज संध्याकाळी पाच नोंदी काढून कागदाशी ताडून बघा. जुने सगळे केसपेपर भरायला कुणाला बसवू नका; रुग्ण परत येईल तेव्हा त्याचं शेवटचं पान भरा, पुरे.

बॅकअप तीन ठिकाणी: कॉम्प्युटरवर, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि दुकानाबाहेर कुठेतरी, क्लाउड किंवा घरी. ती हार्ड डिस्क चोवीस तास जोडून ठेवू नका. व्हायरस आला तर तीही जाते.

> तपासा: तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एक नोंद दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असल्याचं बहुतेकांना कॉम्प्युटर बंद पडल्यानंतरच कळतं.

प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड द्या. 'शॉप१२३' सगळ्यांचा असेल तर नंबर कुणी बदलला हे कधीच सापडत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ पासून आला आहे आणि त्याचा पाया संमतीवर आहे: माहिती कशासाठी घेतो हे सांगा, सही घ्या, आणि चष्म्यासाठी घेतलेला मोबाइल नंबर दिवाळीच्या ऑफरसाठी वापरू नका.

टप्पा ८: पडद्याचा फोटो काढण्याआधी तो कोण बघणार ते ठरवा

कॅमेरा येण्याआधी जवळच्या रेटिनाच्या डॉक्टरांकडे जाऊन बसा. फोटो कसा पाठवायचा, किती दिवसांत उत्तर येणार, तातडीचं असेल तर कोणत्या नंबरावर फोन, रुग्णाला किती खर्च येईल, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. हा कागद होत नसेल तर कॅमेरा घेऊ नका.

थेंब न घालता चालणाऱ्या कॅमेऱ्याला साधारण ४ मिलिमीटर बाहुली लागते. काहींना त्याहून थोडी कमी चालते. अंधारात पाच मिनिटं बसवा. एका डोळ्याचा फ्लॅश उडाला की दोन्ही बाहुल्या आखडतात, म्हणून दुसरा डोळा घाईने घेऊ नका. प्रत्येक डोळ्याचे किमान दोन फोटो: एक मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक बघण्याचा भाग) मध्ये ठेवून, एक ऑप्टिक डिस्क (जिथून डोळ्याची नस बाहेर जाते ती जागा) मध्ये ठेवून.

> तपासा: उजव्या डोळ्याच्या फोटोत डिस्क मॅक्युलाच्या उजवीकडे दिसते, डाव्यात डावीकडे. लेबल उलटं लागलं असेल तर इथेच पकडलं जातं.

धूसर फोटो म्हणजे 'नॉर्मल' नव्हे. दोनदा प्रयत्न करून फोटो वाचण्याजोगा आला नाही तर त्या रुग्णाला पाठवायचंच. मधुमेह असून फोटो घेता येत नाही, हेच पाठवण्याचं कारण. फोटो स्वच्छ असला तरी मधुमेहींना वर्षातून एकदा परत बोलवा.

फोटो वाचणारं एआय सॉफ्टवेअर कॅमेऱ्यासोबत मिळत असेल तर ते नेमकं काय शोधतं हे विचारा. २०१८ साली अमेरिकेत मंजुरी मिळालेलं पहिलं असं सॉफ्टवेअर फक्त मधुमेहाच्या पडद्याच्या आजारासाठी होतं. अशा सॉफ्टवेअरचा हिरवा शेरा काचबिंदूबद्दल काहीच सांगत नाही, आणि रुग्ण मात्र 'कॉम्प्युटरने डोळे चांगले सांगितले' असं घरी जाऊन सांगतो.

चिठ्ठीत निदान लिहू नका, दिसलं ते लिहा: नजर, दाब आणि वेळ, फोटोत कुठे डाग किंवा रक्त दिसतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक ठिपके पुसले जातात. पाठवावाच लागला तर डॉक्युमेंट म्हणून, नाव न घालता, रुग्णाच्या क्रमांकाने, आणि दुकानाच्या फोनवरून.

> सावध: अचानक गेलेली नजर, विजा चमकणं आणि पडदा ओढल्यासारखं दिसणं, किंवा दुखणारा लाल डोळा आणि उलट्या, यांत कॅमेऱ्याकडे वळूच नका. फोन करा आणि त्याच दिवशी पाठवा.

पाठवलेल्यांची वेगळी यादी ठेवा: कधी पाठवलं, गेले का, उत्तर काय आलं. दर शनिवारी अर्धा तास फोन. न गेलेल्यांची कारणं ऐकलीत तर कळेल की बहुतेकांना सोबत यायला कुणी नसतं, किंवा पहाटेची एसटी सुटलेली असते. मग अपॉइंटमेंट दुपारची मागून घ्या.

टप्पा ९: रोजची पाच मिनिटं

सकाळी: कव्हर काढा, हनुवटीचा कागद बदला, कपाळपट्टी पुसा, मॉडेल आयवर एक रीडिंग घेऊन वहीत लिहा. समोरची काच बोटाने किंवा शर्टाने पुसू नका. हवेच्या पंपाने धूळ उडवा, डाग असेल तरच लेन्सचा कागद. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, बंद दुकानातल्या लेन्सांवर बुरशी धरते. कव्हरखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, गुलाबी झाल्या की बदला, आणि सुट्टीच्या दिवसांतही मशीन थोडा वेळ चालू करा.

मॉडेल आयचं रीडिंग चुकलं तर पुन्हा एकदा घ्या. परत चुकलं तर मशीनवर 'बंद' असा कागद लावा, इंजिनिअरला फोन करा, आणि त्या दिवसाचे सगळे रुग्ण रेटिनोस्कोपवर तपासा.